सपाट फळीतून उभा बैल

शिर्डीच्या द्वारकामाईत घोड्याचा एक पुतळा आहे व वाघाचाही एक पुतळा आहे. साईबाबांच्या श्यामकर्ण घोड्याची समाधी जवळच लेंडीबागेत आहे. शिर्डी, राहाता व आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील मुलांनी हे पुतळे अनेकदा पाहिलेले असतात. अशा मुलांना वर्गात घोडा काढावयास सांगितले, तर चाळीसपैकी बहुतेक मुले तो एका बाजूनेच काढतात. समोरून दिसणारा घोडा काढण्यास कोणी धजत नाही व वरून दिसणारा घोडा तर कोणाच्या मनातही येत नाही. यात मुलांचे काही चुकते असे नव्हे. चतुष्पाद प्राण्याची ओळख त्याच्या बाजूच्या बाह्यरेषेतच विशेष असते आणि मुलाचा डोळा ती अचूक हेरतो. परंतु त्या एका रेषेमागे जाडी आहे, छाती रुंद आहे, पोट फुगीर आहे, ही जाणीव मात्र चित्रकलेच्या तासाला सहसा होत नाही. ती जाणीव करून देणारा एक हस्तव्यवसाय प्रस्तुत लेखात वर्णिला आहे. सपाट फळीचे वा पुठ्ठ्याचे तुकडे कापावयाचे, त्यांना खाचा पाडावयाच्या आणि खिळा, दोरा अथवा डिंक न वापरता ते एकमेकांत बसवून प्राणी उभा करावयाचा, हा तो व्यवसाय होय.

खाचेत खाच बसविण्याची युक्ती खेड्यातील मुलांना अगदीच अपरिचित नसते. बाटल्यांच्या खोक्यात पुठ्ठ्याच्या आडव्या-उभ्या पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टीला अर्ध्या उंचीपर्यंत चीर पाडलेली असते, एकीची चीर वरून व दुसरीची खालून. दोन्ही चिरा एकमेकींत सरकल्या की पट्ट्यांच्या कडा समपातळीत येतात व कप्पे उभे राहतात. असे एखादे रिकामे खोके वर्गात आणून मुलांकडून ते सोडवून पुन्हा जोडवून घ्यावे. जोडणीचे निम्मे शास्त्र त्यातच समजते.

अलीकडे शहरांत लेसर यंत्राने कापलेल्या लाकडी तुकड्यांचे हत्ती, घोडे व प्रचंडकाय सरट सर्रास विकावयास असतात, व त्यांच्या तयार आकृत्याही सहज मिळतात. असा संच आणून मुलांसमोर ठेवला की दहा मिनिटांत प्राणी उभा राहतो, टाळ्या पडतात आणि तास संपतो. शिकणे मात्र फारसे घडत नाही, कारण विचार करण्याजोगे सर्व काही दुसऱ्याने आधीच करून ठेवलेले असते. कोणता तुकडा घ्यावा, कोणता सोडावा, खाच कोठून पाडावी व किती रुंद पाडावी, हेच या कामातील शिक्षण आहे. यंत्र फक्त शेवटचे कापण्याचे काम करते. तेव्हा ज्या शाळेजवळ यंत्र नाही तिने खंत करू नये आणि ज्या शाळेला ते उपलब्ध होईल तिनेही आरंभ पुठ्ठा व कात्री यांपासूनच करावा.

आरंभासाठी बैल हा प्राणी उत्तम. गोदावरीच्या कालव्यांखालील या भागात उसाच्या गाड्या ओढणारे बैल मुलांनी जवळून पाहिलेले असतात, आणि श्रावण अमावास्येच्या पोळ्याला मातीचे बैल घरोघर येतात. त्यामुळे बैल चुकला तर तो मुलांनाच प्रथम कळतो. सिंहाच्या बाबतीत तसे होत नाही, कारण सिंह कोणी पाहिलेला नसतो.

काम निरीक्षणाने सुरू व्हावे. बैल म्हणजे नेमके काय, हे मुलांना विचारावे. घोड्याच्या पाठीवर वशिंड चढविले तर तो बैल होईल काय? होणार नाही, कारण बैलाची मान खाली झुकलेली असते, गळ्याखाली पोळी लोंबते, पाठीमागचे हाड वर उचललेले दिसते, शेपटीला गोंडा असतो. मग शिंगांकडे वळावे. शिंगांच्या बाबतीत आपल्याच जिल्ह्यात व शेजारी उत्तम उदाहरणे आहेत. अकोले तालुक्यातील डोंगराळ, अतिवृष्टीच्या भागात डांगी जातीचे जनावर आढळते. त्याची शिंगे आखूड व जाड असतात आणि पांढऱ्या अंगावर काळे अथवा तांबडे डाग असतात. दक्षिणेकडे सोलापूर-सांगलीच्या बाजूचा खिलार बैल अंगाने सडपातळ, रंगाने पांढरा. त्याची लांब, अणकुचीदार शिंगे मागे वळून पुन्हा वर जातात. एकाच धडावर केवळ शिंगांची फळी बदलून डांगीचा खिलार करता येईल काय, असा प्रश्न मुलांपुढे टाकावा. करून पाहिल्यावर त्यांना दिसेल की शिंगे बदलली तरी पुरत नाही, मानेची जाडी व पोळीही बदलावी लागते. मात्र इतके बारकावे सपाट पुठ्ठ्याच्या कडेतही दाखविता येतात, ही गोष्ट मुलांना नवलाची वाटते.

यानंतर मुख्य प्रश्न येतो तो फळ्या कोणत्या निवडाव्यात हा. सर्वांत सोपा वाटणारा मार्ग असा, की बाजूने दिसणाऱ्या बैलाची एक फळी मध्ये घ्यावी व तिला आडव्या फळ्या बसवाव्यात. त्यांपैकी एका फळीत पुढचे दोन पाय आणि दुसरीत मागचे दोन पाय. बहुतेक मुले व बहुतेक शिक्षकही प्रथम हेच करतील, आणि ते एकदा करू द्यावे. बैल समोरून पाहिला तर बरा दिसतो, पण बाजूने पाहताच पाय नाहीसे होतात! आडव्या फळीची बाजूने केवळ कड दिसते, म्हणजे तीन मिलिमीटर जाडीच्या चार काड्यांवर बैल उभा असल्याचा भास होतो. मांडी नाही, गुडघा नाही, खूर नाही. जी बाजू ओळखीची, तीच दुबळी झाली.

याचे कारण मुलांकडूनच काढून घ्यावे. सपाट फळी ज्या दिशेला तोंड करून असते त्याच दिशेला तिची बाह्यरेषा बोलते, दुसऱ्या दिशेला ती मुकी असते. म्हणून प्राण्याच्या प्रत्येक अवयवाविषयी विचारावे, की हा कोणत्या बाजूने ओळखू येतो? पाय बाजूने ओळखू येतात, म्हणून पायांच्या फळ्या बाजूच्या दिशेलाच हव्यात. शिंगे व कान समोरून ओळखू येतात, म्हणून त्यांची फळी आडवी हवी. छातीची व पोटाची रुंदीही समोरूनच दिसते. हा विचार पक्का झाला की फळ्यांची योजना जवळजवळ आपोआप ठरते.

अशा रीतीने सहा तुकड्यांचा बैल होतो. मध्ये डोके, मान, वशिंड, पाठ, पोट व शेपूट असलेली, पण पाय नसलेली एक फळी, तिला कणा म्हणावे. तिच्या दोन्ही बाजूंस समांतर अशा दोन पाय-फळ्या. प्रत्येकीत पुढचा एक पाय, मागचा एक पाय आणि दोहोंना जोडणारा खांदा-मांडीचा पट्टा. या तिन्ही फळ्यांना जोडणाऱ्या दोन आडव्या बरगड्या, एक खांद्यापाशी व एक मांडीपाशी. आणि सहावी, कानांसह शिंगांची फळी, जी डोक्यावर आडवी बसते. एका बाजूचे पाय दुसऱ्या बाजूहून किंचित पुढे-मागे काढले तर बैल चालत असल्यासारखा दिसतो. परंतु खांद्यापाशी व मांडीपाशी असलेल्या खाचा दोन्ही पाय-फळ्यांत समोरासमोर आल्याच पाहिजेत.

आता खाचा कोणत्या फळीला वरून व कोणत्या फळीला खालून पाडाव्यात? हे वरवर क्षुल्लक वाटते, परंतु बैल उभा राहणार की पहिल्याच दिवशी बसणार, हे यावरच ठरते. समजा, बरगडीच्या तिन्ही खाचा वरच्या अंगाला उघड्या ठेवल्या व तिन्ही उभ्या फळ्यांच्या खाचा खालच्या अंगाला. जोडणी होते, बैल उभाही राहतो, पण कण्याला पाय नाहीत. त्याचे वजन बरगडीवर येते आणि बरगडीला खालून आधार काहीच नाही. ती पाय-फळ्यांतून हळूहळू खाली सरकते व शेवटी निसटते. आता बरगडीच्या बाहेरच्या दोन खाचा खालच्या अंगाला उघड्या ठेवून पाहा. पाय-फळ्यांना खाच वरून, खांद्यापासून खाली उतरणारी. बरगडी वरून येऊन पाय-फळ्यांवर बसते. बरगडीची मधली खाच मात्र वरच्या अंगाला उघडी, आणि कण्याची खाच पोटाकडून वर जाणारी. कणा वरून येऊन बरगड्यांवर बसतो. कणा बरगडीवर, बरगडी पायांवर व पाय जमिनीवर असा भार उतरतो, आणि वजन जितके पडेल तितकी जोडणी घट्ट होते. बैलगाडीच्या जुवाचे उदाहरण येथे देता येईल. जू बैलांच्या मानेवर वरून बसते, म्हणून ओझ्याने ते निसटत नाही. मुलांनी दोन्ही प्रकार पुठ्ठ्यात करून शेजारी शेजारी ठेवावेत व दुसऱ्या दिवशी पाहावे.

बरगडीचा आकार कसा ठरवावा, हे शिकविण्याच्या दोन रीती आहेत. वरच्या वर्गांसाठी आलेख-कागदाची रीत चांगली. कागदाच्या वरच्या भागात बैल बाजूने काढावा व त्याच्या बरोबर खाली तोच बैल वरून पाहिल्यासारखा काढावा. वरून पाहिलेला बैल म्हणजे पुढे टोकदार व मध्ये फुगीर अशी होडीच असते. जेथे बरगडी हवी तेथे दोन्ही चित्रांतून एक उभी रेघ ओढावी. वरच्या चित्रात त्या रेघेवर शरीराची उंची मिळते, खालच्या चित्रात रुंदी. या दोन मापांच्या चौकटीत, पाठीकडे गोल व पोटाकडे किंचित अरुंद असा आकार काढला की बरगडी तयार. अभियंत्यांचे आराखडे याच तत्त्वावर काढले जातात, आणि पुढे भूमितीत येणाऱ्या प्रक्षेपाची ओळख येथे न सांगता होऊन जाते.

लहान वर्गांसाठी शाडूची रीत आहे. ओल्या शाडूचा वीतभर बैल करावा, तो थोडा घट्ट झाला की ताणलेल्या दोऱ्याने त्याचे आडवे काप करावेत. प्रत्येक काप कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरविली की त्या जागेची बरगडी मिळते. मुलांना आपल्या हातांनी केलेल्या बैलाच्या आत काय आहे ते दिसते आणि छातीचा काप व पोटाचा काप यांतील फरक पाहून ती चकित होतात. मात्र पोळ्याला पूजलेला बैल या कामी घेऊ नये. त्याने घरच्या माणसांचे मन दुखावेल. वर्गात वेगळा करून घ्यावा.

या सर्व कामात जेथे शिक्षकांनी सर्वाधिक वेळ द्यावा तो विषय म्हणजे खाचेची रुंदी. खाच रुंद झाली तर फळी डुलते, अरुंद झाली तर बसत नाही अथवा पुठ्ठा फाटतो. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही हाताला लगेच जाणवतो. प्राथमिक शाळेत मापनाचे धडे पुष्कळ होतात, परंतु मोजमाप चुकले तर काय बिघडते हे वहीत दिसत नाही, उत्तर चूक एवढेच कळते. येथे चूक हातात येते. डुलणारा बैल कोणाच्या सांगण्यावाचून सांगतो की मोजणे चुकले.

खाचेची रुंदी फळीच्या जाडीइतकी हवी, हे उघडच आहे. पण जाडी मोजावी कशी? पट्टीवर एक मिलिमीटरपेक्षा लहान खूण नसते व दुकानदार ज्याला तीन मिलिमीटर म्हणतो ते पुष्कळदा तीन नसते, थोडे कमी अथवा अधिक भरते. व्हर्नियर कॅलिपर असेल तर प्रश्न नाही. नसेल तर त्याच फळीचे दहा तुकडे एकावर एक रचून दाबून धरावेत, एकूण उंची पट्टीने मोजावी व दहाने भागावे. दहा तुकडे २९ मिलिमीटर भरले, तर एकाची जाडी २.९ मिलिमीटर. दशांश अपूर्णांकाचा याहून सार्थ उपयोग चौथी-पाचवीच्या वर्गात क्वचितच सापडेल. पन्हळी पुठ्ठा थोडा दबतो, म्हणून त्याची खाच जाडीहून किंचित कमी ठेवली तर पकड चांगली बसते. लाकडी फळी दबत नाही, तेथे ही सवलत नाही.

खाचेची खोली ठरविण्यास सोपा नियम आहे. जेथे दोन फळ्या एकमेकींना छेदतात तेथील सामाईक उंची घ्यावी व तिची निम्मी खाच एका फळीत आणि निम्मी दुसऱ्या फळीत पाडावी. बरगडी सहा सेंटिमीटर उंच असून तिच्या व कण्याच्या खालच्या कडा समपातळीत आणावयाच्या असतील, तर तीन सेंटिमीटर खाच बरगडीत वरून व तीन सेंटिमीटर कण्यात खालून. बाहेरच्या बाजूस, जेथे बरगडी गोल होऊन चारच सेंटिमीटर उरते, तेथे दोन व दोन. खाचेच्या तोंडाचे कोपरे मिलिमीटरभर तिरपे छाटले तर फळी सुखाने आत शिरते. खाच फळीच्या टोकाच्या फार जवळ नसावी. जाडीच्या निदान दुप्पट, शक्य तर त्याहून अधिक अंतर राखावे, नाहीतर तो चिंचोळा भाग पहिल्याच जोडणीत तुटतो. खिलारची मागे वळणारी शिंगे दाखविण्यासाठी डोक्यावरील खाच तिरपी पाडावी लागते. तेव्हा तिची रुंदी कडेवर न मोजता खाचेच्या दोन भिंतींमधील काटकोनातील अंतराने मोजावी.

येथेच एक मौजेचा पेच आहे व तो मुद्दाम घडवून आणण्यासारखा आहे. पुठ्ठ्याचा बैल चांगला जमला की मुले म्हणतात, आता हाच दुप्पट मोठा करू या. आलेख-कागदावर प्रत्येक रेघ दुप्पट केली जाते, अथवा छायाप्रतीच्या यंत्रावर आकृती मोठी करून आणली जाते. बैल मोठा होतो, पण त्याबरोबर खाचाही दुप्पट रुंद होतात. पुठ्ठा मात्र तोच राहतो, आणि सारा सांगाडा लटपटतो. बैलाची लांबी-रुंदी कलाकाराच्या इच्छेवर आहे, खाचेची रुंदी मात्र केवळ फळीच्या जाडीवर. आकृती काढताना ही दोन मापे वेगवेगळी जपावी लागतात. संगणकावर अशा आकृत्या काढणारे लोक जाडीला एक अक्षर देतात, समजा ‘ज’, आणि सर्व खाचा त्या अक्षराशी बांधून ठेवतात. ‘ज’ची किंमत बदलली की सर्व खाचा एकदम बदलतात. बीजगणितातील अक्षर कशासाठी असते, असे विचारणाऱ्या मुलाला यापरते चांगले उत्तर देणे कठीण.

कागद-पुठ्ठ्याचा नमुना आधी करण्याची ही रीत केवळ गरीब शाळांची सोय नव्हे. इसामू नोगुची या जपानी-अमेरिकन शिल्पकाराने १९४०च्या दशकात संगमरवराच्या सपाट लाद्या खाचांनी एकमेकींत गुंफून माणसाहून उंच शिल्पे उभी केली. त्यांपैकी १९४४-४५ मधील एक शिल्प न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्यासाठी तो प्रथम कागदाचे लहान नमुने कापून पाहत असे. दगडात चुकलेली खाच पुन्हा भरून येत नाही. चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५२ साली प्रत्येकी सहा खाचांचे पत्ते मुलांच्या खेळण्यासाठी काढले. हेच दांपत्य १९५८ साली भारत सरकारच्या निमंत्रणावरून येथे आले व त्यांच्या अहवालातून पुढे अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. त्या अहवालात त्यांनी आपल्या साध्या लोट्याचे मोठे कौतुक केले आहे, हे जाता जाता सांगण्यासारखे आहे.

बैल उभा राहिला, पण तोंडावर पडतो, अशी तक्रार जवळजवळ प्रत्येक वर्गात येते. डोके, शिंगे व वशिंड ही सारी पुढच्या बाजूस असल्याने भार पुढे जातो. याची परीक्षा आधीच करता येते. कण्याच्या फळीला कडेजवळ टाचणीने भोक पाडून ती मोकळी टांगावी, त्याच टाचणीला दोऱ्याने खडा बांधावा व दोऱ्याची रेघ फळीवर आखावी. मग दुसऱ्या ठिकाणी टांगून दुसरी रेघ आखावी. दोन रेघा जेथे छेदतात तेथे त्या फळीचा गुरुत्वमध्य. त्यातून खाली सोडलेली रेघ पुढच्या व मागच्या खुरांच्या मध्ये पडली पाहिजे. नाही पडली तर पुढचे पाय थोडे पुढे घ्यावेत, मान आखूड करावी अथवा मागची मांडी भरदार करावी. कुशल मूर्तिकारही हेच करतो. फक्त तो हे डोळ्याने जाणतो.

पुठ्ठ्याचा नमुना निर्दोष झाल्यावर, आणि त्यानंतरच, यंत्राचा विचार करावा. लेसर म्हणजे एकाच तरंगलांबीचा, एकाच दिशेने जाणारा तीव्र प्रकाशझोत. पहिला लेसर १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीपासून निर्माण केला. लाकूड, पुठ्ठा व अॅक्रिलिक कापण्यास जो लेसर सर्वत्र वापरतात तो मात्र कर्बद्विप्राणिल म्हणजेच कार्बन डायऑक्साइड वायूचा असतो, आणि तो १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत शोधून काढला चंद्रकुमार पटेल यांनी. त्यांचा जन्म १९३८ साली बारामतीस झाला व पदवीचे शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात झाले. ही गोष्ट वर्गात अवश्य सांगावी. जगभरच्या कारखान्यांतून जो झोत आज पत्रे व फळ्या कापतो, त्याचा जनक येथून दोन जिल्ह्यांच्या अंतरातला आहे. त्या झोताची तरंगलांबी सुमारे १०.६ मायक्रॉन असते. तो डोळ्यांना दिसत नाही, परंतु लाकूड तो शोषून घेते. भिंगाने तो टाचणीच्या टोकाहून बारीक बिंदूत आणला की त्या जागेचे लाकूड जळून वायुरूप होते व संगणकाने दिलेल्या रेघेवरून तो बिंदू फिरत जातो.

जे जळून जाते त्याचा हिशेब ठेवावा लागतो. करवतीने कापताना जसा भुसा पडतो तसा येथे रेघेच्या दोन्ही अंगांचा थोडा भाग नाहीसा होतो. यंत्र व फळी यांप्रमाणे हा काप मिलिमीटरच्या एक ते तीन दशांशांपर्यंत असतो. समजा, काप ०.२ मिलिमीटरचा आहे व फळी २.९ मिलिमीटर जाडीची. खाच २.९ रुंद आखली तर ती प्रत्यक्षात ३.१ होईल व जोडणी सैल पडेल. म्हणून खाच २.७ आखावी. हे नेमके माप कागदावर ठरविण्याऐवजी त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यात २.५, २.६, २.७ अशा चढत्या रुंदीच्या खाचांचा एक फणा कापून घ्यावा व त्यात फळीचा तुकडा घालून पाहावा. जी खाच अंगठ्याच्या दाबाने बसेल, पण उलटी धरली तरी सुटणार नाही, ती योग्य. या फण्याला लागणारी पाच मिनिटे वाचविण्याचा मोह पुष्कळांना होतो व त्यापायी सबंध फळी वाया जाते.

यंत्रासमोर काम चालू असता ते सोडून जाऊ नये. पुठ्ठा व लाकूड पेट घेऊ शकतात. धूर बाहेर जाण्याची सोय असावी आणि मुलांनी झाकणाच्या काचेतूनच पाहावे. एक निषेध कटाक्षाने पाळावा. पीव्हीसी असलेले कोणतेही पत्रे, जाहिरातींच्या पाट्यांचे काही फलकही त्यात येतात, लेसरने कापू नयेत. त्यांतून निघणारा आम्लयुक्त क्लोरिनचा धूर फुप्फुसांस घातक असून यंत्रही गंजवितो. फलक कशाचा आहे हे खात्रीने ठाऊक नसेल तर तो बाजूस ठेवावा.

यंत्र गावात नसले तरी आवाक्याबाहेर नाही. आपल्या जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापिला. हाताने काम करीत विज्ञान शिकावे हा त्यामागील विचार. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने सुरू केलेल्या ‘फॅब लॅब’ नामक कार्यशाळा आज जगभर पसरल्या आहेत. त्यांपैकी एमआयटीबाहेरील अगदी पहिल्या कार्यशाळांत पाबळची गणना होते, ती २००२ साली उभी राहिली. अशा कार्यशाळांतून नवशिक्यांना जे पहिले पाठ देतात त्यांत खाचेत बसणाऱ्या सपाट तुकड्यांचा संच हा एक ठरलेला पाठ असतो. म्हणजे खेड्यातील मुलाने पुठ्ठ्यात जे केले तेच जगभरचे विद्यार्थी तेथे करीत असतात. शिवाय मोठ्या गावांतून नावाच्या पाट्या व लग्नाच्या सजावटी कापून देणाऱ्यांकडेही हे यंत्र असते. आकृती इंकस्केपसारख्या विनामूल्य संगणक-प्रणालीत काढून नेली तर सहा तुकड्यांचा बैल कापण्यास फारसा वेळ लागत नाही. मुलांचा नमुना मापासह तेथे नेण्यापूर्वी प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घालण्यास विसरू नये. पाय-फळ्या डाव्या-उजव्या होण्याचा घोळ हमखास होतो.

वर्गानुसार कामाची वाटणी शिक्षकांनी आपल्या अनुभवाने करावी. साधारणतः तिसरीपर्यंतच्या मुलांना शिक्षकांनी खाचा पाडून दिलेले तुकडे जोडणे व शाडूचे काप आखणे पुरे. चौथी-पाचवीत पातळ पुठ्ठा व कात्री द्यावी. धारदार पाते शिक्षकांच्याच हाती राहावे. सहावीच्या पुढे आलेख-कागद, जाडीचे मापन व फणा हे सारे करता येते. दुकानांतून मिळणाऱ्या रिकाम्या खोक्यांचा पुठ्ठा वापरताना त्यातील पन्हळी कोणत्या दिशेने जातात ते पाहावे. पायांच्या लांबीच्या दिशेने पन्हळी असतील तर पाय ताठ राहतो, आडव्या असतील तर गुडघ्यातच वाकतो. प्लायवूडमध्ये वरच्या थरातील रेषांचे तसेच आहे. एमडीएफला अशा रेषा नसतात, पण ती ओलावा शोषते. पावसाळ्यात कौलारू वर्गात ठेवलेल्या बैलाच्या फळ्या फुगतात व खाचा इतक्या आवळतात की तो सोडविताना तुटतो. ज्येष्ठात जोडलेला बैल पोळ्यापर्यंत सोडू नये, अथवा कापून झाल्यावर फळ्यांना पातळ वॉर्निशचा हात द्यावा. मात्र खाचांच्या भिंतींवर तो लावू नये, कारण त्या लेपाचीही जाडी असते.

तुकडे वर्षभर नीट राहावेत म्हणून सहाही एका पाकिटात घालून ठेवावेत व पाकिटावर मुलाचे नाव, फळीची मोजलेली जाडी, आखलेली खाच व फण्यात बरोबर बसलेली खाच ही तीन मापे लिहावीत. पुढील वर्षी वेगळी फळी आली की त्याच आकृतीवर कोणती मापे बदलावयाची, हे त्या पाकिटावरून नव्या तुकडीस कळते.